वीतभर आतड्याचा निर्णय

माझ्या मोठ्या आतड्याचा वीतभर तुकडा नागपूरच्या एका दवाखान्यात राहिला. मला त्याची आठवण येत नाही.

ज्यांना डॉक्टरांनी डायव्हर्टिक्युलायटिस हे नाव सांगितलं आहे आणि ऑपरेशन करू की नको या विचारात जे अडकले आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते. तुम्ही माझ्यासारखंच करावं असं नाही. प्रत्येकाचं पोट वेगळं. पण मी एक मोठी चूक केली, ती तुम्ही करू नये एवढं मात्र वाटतं.

मी बावन्न वर्षांची आहे. सौंसर तालुक्यात, मोहगावकडे एका गावात आमची संत्र्याची बाग आहे आणि थोडा कापूस. शेती मी पाहते. माझे यजमान सौंसरच्या सरकारी शाळेत शिकवतात. सगळं गाव त्यांना सर म्हणतं, म्हणून इथे मीही सरच लिहिते. दीर आणि धाकटी जाऊ मंदा शेजारच्या घरात राहतात. मुलगी अश्विनी छिंदवाड्याला बँकेत आहे.

माझा हात

गावात माझी आणखी एक ओळख होती. मी बेंबी बसवत असे.

आमच्याकडे जड उचललं, पाय वाकडा पडला आणि पोटात दुखू लागलं, की बाया म्हणतात, बेंबी सरकली. मग तिला उपाशीपोटी उताणं झोपवायचं. बेंबीजवळ तीन बोटं ठेवून ठोका कुठे लागतो ते पाहायचं. तेल लावून, चोळत चोळत तो ठोका मध्यावर आणायचा. शेवटी पोटावर पेटती पणती ठेवायची आणि तिच्यावर तांब्या उपडा घालायचा. पणती विझते आणि तांब्या पोटाला घट्ट धरतो. तो सुटला की काम झालं. त्यानंतर तीन दिवस वजन उचलायचं नाही, विहिरीवर जायचं नाही, मऊ भात आणि मुगाचं वरण खायचं. हे मला सासूबाईंनी शिकवलं. त्या गेल्यावर गावात माझाच हात चालायचा. मोहगावहूनही बाया येत.

चार वर्षांत माझंही पोट पाच वेळा दुखलं. नेहमी डावीकडे, खाली. मीच ठरवून टाकलं की बेंबी सरकली. स्वतःची स्वतःला बसवता येत नाही, म्हणून मंदाला शेजारी बसवून मी सांगायची आणि ती चोळायची.

"दाब नं अजून."

"अवो बाई, तुमाले दुखून राह्यलं नं."

"दुखल्याशिवाय बसते का? दाब."

तीन-चार दिवसांत बरं वाटायचं. मी पुन्हा बागेत.

सहावी वेळ आली तेव्हा संत्र्याचा तोडा चालू होता. मी भरलेल्या कॅरेटला हात लावला आणि डावीकडे कळ आली. मंदाने त्या दिवशी चोळलं, दुसऱ्या दिवशीही चोळलं. तिसऱ्या दिवशी सकाळी अंगात हुडहुडी भरली आणि पोट पाटीसारखं कडक झालं. सौंसरच्या डॉक्टरांनी हात लावून पाहिलं, दुसरी गोष्ट केली नाही. म्हणाले, "सर, इथूनच नागपूरला न्या. घरी जाऊन कपडे घेत बसू नका."

पहिलीच वेळ

नागपूरला स्कॅन झालं. सर्जन बाई होत्या, चाळिशीच्या, भरभर बोलणाऱ्या. त्यांनी कागदाच्या मागे चित्र काढलं. म्हणाल्या, "सायकलची ट्यूब जुनी झाली की एखाद्या जागी फुगा येतो, पाहिलंय ना? तुमच्या आतड्याला तसे बरेच फुगे आलेत. त्यातला एक सुजून फुटलाय. नशीब असं की आजूबाजूच्या भागाने तो झाकून घेतलाय. तिथे पू साचलाय. आता औषधाने जातो का पाहू."

मग विचारलं, "याआधी असं कधी दुखलं होतं?"

मी म्हणाले, "नाही. पहिलीच वेळ."

"पोट चोळलं वगैरे? मालिश?"

"नाही."

माझ्या पोटाला तिळाच्या तेलाचा वास येत होता. नर्सने स्पिरिटच्या बोळ्याने ते पुसून काढलं.

खोटं का बोलले? भीतीने नाही. ज्या हाताला सगळं गाव मानत होतं, त्याच हाताच्या सांगण्यावरून मी स्वतःचं सुजलेलं आतडं दोन दिवस रगडून घेतलं, हे एका अनोळखी बाईपुढे कबूल करायची लाज वाटली. एवढंच कारण.

सात दिवस

तोंडाने काही नाही, सगळं सलाईनमधून. सकाळी सहाला ताप पाहायचे, सातला रक्त काढायचे, दहाला डॉक्टर येऊन पोट दाबायचे. दुपारी बायांच्या वॉर्डात प्रत्येक खाटेवरची बाई आपल्याला काय खावंसं वाटतं ते सांगायची. मी ज्वारीची भाकर आणि झुणका सांगितला. पलीकडच्या खाटेवरच्या म्हातारीने तिला काय हवं ते न सांगता माझ्याशी भांडण काढलं, "झुणक्याचं नाव नोको घेऊ वं, मी मरून जाईन इथंच." त्या म्हातारीमुळे माझा आठवडा सोपा गेला. तिच्या सुनेने दोनदा माझी वेणी घालून दिली, न सांगता. तिचं नाव विचारायचं राहिलं.

सर बाहेरच्या बाकावर बसून वह्या तपासायचे. ते घाबरले की वह्या तपासतात. त्या आठवड्यात दोन वर्गांच्या वह्या संपल्या.

पाचव्या दिवशी चार चमचे नारळपाणी मिळालं. मी एका चमच्याला दोन मिनिटं घेतली.

पू औषधाने जिरला. घरी पाठवताना सर्जन म्हणाल्या, "पहिलाच झटका होता, तर घाई नको. सहा-सात आठवड्यांनी दुर्बिणीने आतडं तपासू. मग ऑपरेशन लागेल का ते बोलू. बहुतेक थांबून पाहता येईल." घरच्यांनी शेवटचं वाक्य तेवढं ऐकलं. दिराने त्या आनंदात मला जामसांवलीला नेलं. हनुमानापुढे मी मनापासून हात जोडले. पण 'पहिलाच झटका' हे शब्द तिथेही डोक्यातून गेले नाहीत.

कागद

दवाखान्याने पथ्याचा एक कागद दिला होता. पहिले काही दिवस वजन उचलू नका, आराम करा, मऊ भात आणि मुगाचं पातळ वरण घ्या, बरं वाटलं की हळूहळू भाज्या, फळं, भाकर वाढवा. मी ओसरीत बसून तो वाचत होते आणि दुसऱ्यांदा वाचताना थांबले. यातलं निम्मं मी वीस वर्षं बायांना तोंडी सांगत आले होते.

म्हणजे ठोका मध्यावर आणून, तांब्या लावून मी कधीच बरी झाले नव्हते. तीन दिवस आतड्याला आराम मिळाला म्हणून बरी झाले होते. आणि ही पहिली वेळ नव्हती. सहावी होती.

मंदाला हाक मारली. आम्ही दोघींनी बसून आठवलं. एकदा पोळ्याच्या आधी. एकदा बोअर खणली तेव्हा. एकदा अश्विनीला पाहायला पाहुणे आले त्या आठवड्यात. मंदाची आठवण माझ्यापेक्षा चांगली. शेवटी ती म्हणाली, "हे तं बराबर सहा होते, बाई."

"आणि मी डॉक्टरला सांगितलं, पहिली."

मग तिने जे विचारलं ते मला अपेक्षित होतं. "मंग तुमी येवढ्या बायांच्या बसवल्या, त्या कायनं बऱ्या झाल्या?"

"ज्या झाल्या त्या आरामाने झाल्या. घरात तीन दिवस बाईला कोणी उठ म्हणणार नाही, अशी दुसरी कोणती रीत आहे आपल्याकडे?"

"हे काही खोटं नाही," मंदा म्हणाली. "माही तं दोनदा सरकलीच नव्हती. मी तशीच आली होती तुमच्याकडं."

मला ते तेव्हाही माहीत होतं. मी तिलाही तीन दिवस सांगितले होते.

खरं सांगायचं की नाही

आता प्रश्न साधा होता. डॉक्टरांना सहा सांगितलं तर ऑपरेशनची गोष्ट निघणार. एकच आहे असं धरून राहिलं तर घर खूश, गाव खूश, आणि सातव्या वेळी तो फुगा झाकला जाईल की नाही ते देव जाणे.

मी सरांना सांगितलं. ते रागाने ओरडत नाहीत, त्यांची तशी पद्धतच नाही. "तू डॉक्टरांशी खोटं बोललीस?" एवढं विचारलं. मी हो म्हटलं. मग ते वह्या घेऊन ओसरीत बसले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी म्हणाले, "मी तिथेच बसलो होतो. मलाही सुचायला हवं होतं. प्रत्येक वेळी त्या पणतीसाठी काडेपेटी मीच आणून देत होतो."

दीर मात्र उघड विरोधात. "कायले सांगता वहिनी? सांगतलं का ते कापतेच. आता चांगलं चालून राह्यलं नं तुमचं?"

"चालून राह्यलं म्हणूनच सांगते. बंद पडल्यावर कोणाला सांगू?"

"माह्या साडूच्या भावाचं असंच झालं. पोट उघडलं, मंग काही उठलाच नाही तो."

"त्याला काय झालं होतं?"

"ते काही मालूम नाही. पन उठला नाही."

अशी उदाहरणं तुम्हालाही ऐकवतील. ऐकून घ्या. ती माणसं आपल्याला घाबरवत नसतात, स्वतः घाबरलेली असतात. फक्त रोगाचं नाव विचारा. दहातल्या आठांना ते सांगता येत नाही.

दुर्बिणीची तपासणी झाल्यावर सर्जनपुढे बसले आणि बसल्या बसल्या सांगून टाकलं. सहा वेळा झालं. दर वेळी पोट चोळून घेतलं. या वेळी दोन दिवस. तुम्ही विचारलं तेव्हा मी खोटं बोलले.

त्यांनी पेन खाली ठेवलं. रागावल्या नाहीत. "सुजलेल्या आतड्यावर असा दाब म्हणजे जीवाशी खेळ होता, हे तुम्हाला आता कळलंय, म्हणून मी पुन्हा सांगत नाही," असं म्हणून त्यांनी ते पुन्हा सांगितलंच. मग तपासणी दाखवली. तेवढा भाग वारंवार सुजून आखडला होता, वाट अरुंद झाली होती.

"दोन रस्ते आहेत," त्या म्हणाल्या. "एक, पथ्य पाळून थांबायचं. पुढचा झटका कदाचित येणार नाही. तुमचा इतिहास पाहता मला तसं वाटत नाही. आला आणि आतडं मोकळं फुटलं, तर घाईत ऑपरेशन करावं लागेल, आणि तेव्हा पोटावर पिशवी लावावी लागण्याची शक्यता बरीच. दुसरा रस्ता, आता सूज नाही तोवर तेवढा तुकडा काढून दोन टोकं जोडायची. आताही पिशवी लागणारच नाही असं वचन देत नाही. पण शक्यता कमी."

सरांनी विचारलं, "मॅडम, तुमच्या घरचं कोणी असतं तर?"

"माझ्या घरच्यांनाही मी हेच दोन रस्ते सांगितले असते. ठरवायचं यांनी."

पिशवी

मरणाची भीती वाटलीच नाही असं मोठेपणाने लिहिणार नाही. पण तिच्यापेक्षा मोठी भीती पिशवीची होती. पोटाला बाहेरून लावलेली पिशवी, तिच्यात मळ. मी ओट्याशी कशी उभी राहणार, चार बायांत कशी बसणार? घरात हा शब्द कोणी काढत नव्हतं. न पाहिलेल्या गोष्टीला घाबरायचं हे मला जमत नाही. फवारणीचं नवीन औषधसुद्धा मी आधी दुसऱ्याच्या बागेत जाऊन पाहते.

सरांच्या एका सहकाऱ्याची मावशी, कुसुमताई, पांढुर्ण्याला राहतात. अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या. त्यांना चार वर्षांपासून पिशवी आहे असं कळलं. फोन करून विचारलं, "येऊ का?" त्या म्हणाल्या, "या ना, त्यात विचाराचं काय." सरांना बरोबर येऊ दिलं नाही. सौंसरहून बसने एकटी गेले.

दार त्यांनीच उघडलं. इस्त्रीची साडी, कपाळाला टिकली. चहा ठेवला. मी काय बोलावं ते ठरवत होते, तोवर त्याच म्हणाल्या, "पाहाचं हाय का?"

"हो."

त्यांनी निऱ्या थोड्या सैल करून पदर बाजूला केला. डाव्या बाजूला तळहाताएवढी, अंगाच्या रंगाची पिशवी. मी पाहिलं. त्यांनी पदर ठीक केला.

"झालं?"

"झालं. वास येतो का?"

"तुमी अर्ध्या तासापासून बसून आहा. तुमाले आला?"

"नाही."

"मंग."

"स्वयंपाक?"

"हा च्या कोन केला?"

मी चहा प्यायले. मग धीर करून विचारलं, "देवाधर्माचं?"

"पहिले मीच शिवत नव्हती देवाले. मंग म्हटलं, आतडं त्यानंच बनवलं, खराब झालं तेही त्याले मालूम. रोज पूजा करतो आता. माह्या माहेरच्यायले चालत नाही, म्हनून तिकडं सनासुदीले कोनी बोलवत नाही." त्या हसल्या. "पह्यले तिकडं जाऊन शंभर मानसाच्या पोया मीच लाटत होती. आता आराम आहे."

निघताना मला दारापर्यंत सोडायला आल्या. म्हणाल्या, "तुमाले लागन का नाही ते मले मालूम नाही. पन हिच्या भेवानं ऑपरेशन टाळू नोका. हिच्यासंगं राहता येते. फुटलेल्या आतड्यासंगं नाही."

परतीच्या बसमध्ये बसायला जागा मिळाली नाही. उभ्या उभ्याच माझं ठरलं.

तारीख

तारीख मी मागून घेतली. त्या दिवसांत आंबिया बहारासाठी, म्हणजे पुढच्या फुलोऱ्यासाठी, बागेला ताण दिलेला होता. झाडांचं पाणी तोडलेलं असतं तेव्हा बागेचं माझ्यावाचून फारसं अडत नाही. जानेवारीच्या मध्यावर पाणी सोडायचं, ते काम दिराकडे दिलं. कोणत्या ओळीला किती, हे लिहून दिलं. त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला. "हे मले येते, वहिनी," म्हणाले. चेहरा अजून नाराजच होता, पण कागद घेतला.

भरती करताना काउंटरवरच्या माणसाने संमतीचा फॉर्म सरांकडे सरकवला. "मिस्टरांची सही लागेल."

मी म्हणाले, "पोट माझं आहे."

सरांनी फॉर्म शांतपणे वाचला, दोन्ही पानं, प्रश्नपत्रिका वाचतात तसा. मग माझ्याकडे दिला. "रुग्ण म्हणून इथे तू सही कर. खाली साक्षीदाराची जागा आहे, ती माझी." तीस वर्षांच्या संसारात त्यांनी मला काय दिलं असं कोणी विचारलं, तर मी हे सांगेन. मी पूर्ण नाव लिहिलं.

शुद्धीवर आले तेव्हा हात आधी पोटावर गेला. नर्स म्हणाली, "पट्ट्याच आहेत, काकू. पिशवी नाही लावली."

तेवढ्याने झालं असं नाही. सर्जननी समजावलं, "आतडं जोडलंय, पण ते चालू लागायला हवं. वारा सुटला की समजायचं वाट मोकळी झाली. तोवर वाट पाहायची. न लाजता सांगायचं."

पहिला दिवस काही नाही. दुसरा दिवस नाही. पोट फुगलं. मला धरून चालवायचे, वॉर्डच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. अश्विनी छिंदवाड्याहून रजा घेऊन आली होती, ती तासातासाला विचारायची. सरांनी आयुष्यात असा शब्द तोंडातून काढला नव्हता. ते फक्त भुवया उंचावायचे, मी मान हलवायची आणि ते पुन्हा वह्यांत. मला भीती वाटत होती. जोड धरला नसेल तर पुन्हा पोट उघडणार, आणि मग पिशवी नक्की. हा निर्णय मी एकटीने घेतला होता. चुकला असता तर दुसऱ्या कोणावर ढकलता आला नसता.

तिसऱ्या दिवशी सकाळी सर्जन चार शिकाऊ डॉक्टरांना घेऊन खाटेपाशी आल्या. त्यांना माझ्या केसची माहिती देत होत्या. मधेच झालं. लांब आणि स्पष्ट. शिकाऊ डॉक्टरांपैकी एकीने खाली पाहिलं. सर्जन वाक्य अर्धवट सोडून म्हणाल्या, "ऐकलंत? ही आजची सगळ्यात चांगली बातमी." आणि त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

सरांनी वह्या बाजूला ठेवल्या आणि दिराला फोन लावला. फोन स्पीकरवर होता. तिकडे बागेत पाणी सोडायची तयारी चालली होती, मागे बायांचा आवाज येत होता.

"प्रभाकर," सर म्हणाले, आणि अडकले. "सुटला."

"काय सुटला, दादा? बैल?"

"अरे, वहिनीचा."

मग आमच्या दिराचा आवाज, फोनमध्ये नाही, बागेकडे तोंड करून, सगळ्या बायांना ऐकू जाईल असा, "सुटला वो, वहिनीचा वारा सुटला. जोड चालू झाला." आणि मंदा हसतेय की रडतेय ते फोनवरून कळेना.

दुपारपर्यंत गावातून अकरा फोन आले, मोहगावहून दोन. एकाही बाईने आडून विचारलं नाही. सगळ्या म्हणाल्या, "ऐकलं जी, लय चांगलं झालं." अश्विनीच्या जन्मानंतर एवढ्या लोकांनी एका दिवसात माझं अभिनंदन केलं ते याच गोष्टीसाठी. मी प्रत्येकीला सांगितलं, हो, माझाच, आणि ऑपरेशन माझ्या सहीने झालं.